अल्टरनेटरमधील चार्जिंगचा बिघाड

अल्टरनेटर हे मोटार वाहनातील विद्युतजनित्र आहे. ते इंजिनावरील पट्ट्याने फिरते, बॅटरी चार्ज करते आणि दिवे, वायपर इत्यादींना वीज पुरवते. त्याच्याकडून पुरेशी वीज न मिळाल्यास वाहन बॅटरीतील साठ्यावर चालते व तो संपल्यावर बंद पडते. हा बिघाड पुष्कळदा बॅटरीचा दोष समजला जातो. मूळ कारण कायम राहिल्यास नवी बॅटरीही उतरते.

रचना

कार्बन ब्रशांतून रोटरला विद्युतधारा मिळून चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटर फिरताना स्टेटरच्या गुंडाळीत प्रत्यावर्ती धारा निर्माण होते. डायोड तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतात, तर रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो.

लक्षणे

इंजिन सुरू असताना बॅटरीचा लाल दिवा पेटलेला राहणे, हेडलाइट मंद होणे, स्टार्टर जड फिरणे, पट्ट्याचा कर्कश आवाज व बेअरिंगची घरघर ही प्रमुख लक्षणे होत.

तपासणीचा क्रम

१. इंजिन बंद करून पट्ट्याचा ताण व झीज पाहावी. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरी-हिरवी भुकटी साफ करून जोड घट्ट करावेत.

२. काही तास उभ्या असलेल्या वाहनात १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते. ते १२.२ किंवा त्याहून कमी असल्यास आधी बॅटरी चार्ज करावी.

३. इंजिन सुरू असताना हेच माप साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यावे. ते वाढलेच नाही, तर चार्जिंग होत नाही; १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटरवर संशय घ्यावा. काही नव्या वाहनांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच मापावरून निष्कर्ष काढू नये.

४. अल्टरनेटरजवळ व्होल्टेज योग्य आणि बॅटरीवर कमी असल्यास दोष वायर, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये असतो.

५. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा मुळीच न पेटल्यास त्याचे सर्किट तपासावे. अनेक जुन्या वाहनांत रोटरला सुरुवातीची धारा त्याच दिव्यातून मिळते.

६. हे सर्व ठीक असल्यासच अल्टरनेटर उतरवून ब्रश, डायोड व रेग्युलेटर तपासावेत. सदोष डायोडमुळे उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरू शकते.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

अंधेरी सबवेसारख्या सखल भागांत पावसाळ्यात पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व असंख्य वाहने पाण्याखाली गेली. गढूळ पाणी शिरल्यास ब्रश व बेअरिंग खराब होतात; ओला पट्टा घसरतो. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने टर्मिनल व अर्थिंगचे जोड गंजतात. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा घाटकोपर–मुलुंड दरम्यानच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर वाहतूक खोळंबते, तेव्हा इंजिन मंद गतीने फिरते. अशा वेळी एसी, वायपर व हेडलाइट एकत्र चालू असल्यास निर्दोष अल्टरनेटरही कमी पडू शकतो. घर ते स्थानक एवढ्याच फेऱ्यांत बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही.

सावधगिरी

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढू नये. व्होल्टेज एकदम वाढून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. वाटेत लाल दिवा लागल्यास एसी व संगीत बंद करून जवळचे गॅरेज गाठावे, पाणी साचलेला रस्ता टाळावा. मात्र पट्टा तुटला असल्यास गाडी चालवू नये, कारण अनेक वाहनांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो.