रक्त दिसतं, रस्ता दिसत नाही

१८ एप्रिल २०२४ रोजी हुबळीच्या बीव्हीबी महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीचा भोसकून खून झाला आणि त्याचं सीसीटीव्ही चित्रण लगोलग मोबाइलवरून फिरलं. मे २०२५ मध्ये याच शहरात एका शाळकरी मुलाचा दुसऱ्या शाळकरी मुलाने चाकूने जीव घेतला. असं काही घडलं की ‘पोरांना हे शाळेत एकदा दाखवाच, मग डोळे उघडतील’ हा सूर उमटतोच. त्यामागची काळजी खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. अमेरिकेत १९५३ साली मानसशास्त्रज्ञ जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळेतल्या मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं ऐकवली. एका गटाला सडक्या हिरड्यांची किळसवाणी छायाचित्रं दाखवली. सर्वांत जास्त घाबरलेल्या या गटानेच सल्ला सर्वांत कमी पाळला. दातांची ही कथा, तर खुनाचं काय! पुढे १९६५ मध्ये लेव्हेंथल यांनी धनुर्वाताच्या लशीबाबत असाच प्रयोग केला. भीतीने लस घ्यायची इच्छा वाढली, पण प्रत्यक्ष गेले ते मुख्यतः दवाखान्याचा नकाशा हाती मिळालेले आणि जायची वेळ ठरवायला लावलेले विद्यार्थी.

भीती अशी वाया का जाते, हे आपल्या हुबळी-धारवाड बायपासवर समजतं. १५ जानेवारी २०२१ रोजी धारवाडजवळ इटिगट्टीपाशी दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची गाडी टिप्परवर आदळली आणि अनेक जीव गेले. त्या अपघाताच्या छायाचित्रात चेपलेला पत्रा दिसतो. पण पुणे-बेंगळुरू महामार्ग या टप्प्यात दुपदरी होऊन अरुंद होत होता, हे त्यात दिसत नाही. दृश्य परिणामापाशी थांबतं, कारण चौकटीबाहेर राहतं. सीसीटीव्हीचंही तेच. त्यात वार दिसतो. अशा खुनांच्या आधी अनेकदा जे घडत असतं, म्हणजे पाठलाग, धमक्या, कुणाला सांगावं हे न कळणं, ते कोणताच कॅमेरा टिपत नाही. आणि शिकवण्याजोगं तेवढंच असतं.

‘मुलांनी फोनवर सगळं पाहिलेलंच आहे’ हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण फोनवर अंगठा सरकवून पुढे जाता येतं. वर्गात बाकावरून उठायची सोय नसते. पाहिलेल्या गोष्टीवर बोलायला ती पुन्हा लावावी लागत नाही. शिवाय पडद्यावरच्या खोट्या रक्ताला ‘ए’ प्रमाणपत्र देऊन अठरा वर्षांखालच्यांना आपण दाराबाहेर ठेवतो, आणि खरं रक्त शाळेनेच दाखवायचं?

वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. १९५५ मध्ये वर्णद्वेषातून खून झालेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या आईने त्याची शवपेटी उघडी ठेवली आणि त्या छायाचित्रांनी अमेरिका हादरली. मग न दाखवणं म्हणजे झाकणं नव्हे काय? पण तिथे निर्णय आईचा होता आणि जाब विचारला जात होता तो मोठ्यांना. इतिहासाच्या तासाला वरच्या वर्गात, आधी कल्पना देऊन, बाहेर जाण्याची मुभा ठेवून एखादं स्थिरचित्र दाखवायला हरकत नाही. मोबाइलवर आलेल्या चित्रणाला घरच्यांची संमती नसते, संदर्भ नसतो. असतो तो फक्त वार.

लेव्हेंथल यांच्या नकाशाचा शाळेतला अवतार अगदी साधा आहे: मागे लागलेल्या मुलाबद्दल कोणत्या शिक्षिकेला, कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत सांगायचं, मित्राच्या दप्तरात चाकू दिसला तर काय करायचं, आणि फळ्याच्या कोपऱ्यात बालसाहाय्याचा १०९८.