टर्बो गाडीत कोणतं पेट्रोल टाकायचं? ९१, ९५ की १००?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चिपळूणला आपांकडे गेलो होतो. पडवीत पाय ठेवला आणि पेट्रोलचा वास आला. शोधलं तर जिन्याखाली वीस-वीस लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन ठेवलेले. चार पावलांवर स्वयंपाकघर, गॅस चालू. आपांनी सांगितलं, "हे तुमच्या भाच्याचं. पुण्याहून आणलंय, हात लावू देत नाही."

भाच्याने त्या वर्षी जुनी, पण वेगवान टर्बो पेट्रोल गाडी घेतली होती. पैसे दुल्हाभाईंनी कुवेतहून पाठवलेले, म्हणजे अठरा वर्षांच्या नोकरीतून साठवलेले. गाडी घेतल्यावर मित्रांनी आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती. "मामू, टर्बोला साधं पेट्रोल टाकलं की इंजिन गेलं समजा. शंभर ऑक्टेनच पाहिजे. इथे मिळत नाही, म्हणून आणून ठेवलंय."

त्या दिवशी आम्ही आधी ते कॅन घराबाहेर, सावलीत, चुलीपासून लांब नेले. मग भाच्याला घेऊन बसलो. आज अनेक घरांत एक लिटरची का होईना, टर्बो गाडी आलेली आहे. कोणाकडे त्याहून जोरकस, दोन लिटरची आहे. पेट्रोल पंपावर नोझल हातात घेतलेला मुलगा विचारतो, "साधं की प्रीमियम?" आणि आपण क्षणभर गोंधळतो. तो गोंधळ दूर व्हावा म्हणून हा लेख.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पहिला गैरसमज इथेच आहे. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त जोराचं पेट्रोल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ऑक्टेन आकडा सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल स्वतःहून पेट घ्यायचं किती टाळतं. थोडक्यात, ते पेट्रोलच्या संयमाचं माप आहे.

हे मोजण्यासाठी दोन द्रव ठरवलेले आहेत. आयसो-ऑक्टेन सहजासहजी स्वतःहून पेटत नाही, त्याला १०० धरलं. एन-हेप्टेन लगेच पेटतं, त्याला ० धरलं. आपलं पेट्रोल एका खास चाचणी-इंजिनात चालवून बघतात. ते ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन ९५. भारतात पंपावर आणि गाडीच्या कागदपत्रांत जो आकडा असतो, तो 'आरओएन' पद्धतीचा असतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टर्बोला संयमी पेट्रोल का लागतं?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आम्ही सातवीच्या वर्गात मुलांना हात लावून दाखवतो. हवा दाबली की तापते. टर्बोचं नेमकं हेच आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद. मधे इंटरकूलर बसवून ही हवा थोडी थंड करतात, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णता साध्या इंजिनापेक्षा जास्तच राहते.

नीट चाललं तर स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला, तर ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःच भडकतं. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. हे जोरात आणि बराच काळ चाललं तर पिस्टनला इजा होते.

मग साधं पेट्रोल टाकलं की इंजिन लगेच फुटतं का? नाही. आजच्या गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो ही थरथर ओळखतो आणि गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. आवाज थांबतो, इंजिन वाचतं, पण ताकद आणि मायलेज दोन्ही कमी होतात. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजले, तीच हाती येत नाही. मात्र ही सोय आपत्तीसाठी आहे, रोजच्या कारभारासाठी नाही.

आकड्यांचा बाजार

आता 'प्रीमियम' शब्दाकडे येऊ. पंपावर या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, स्वच्छता करणारी रसायनं मिसळलेलं पेट्रोल. यात ऑक्टेन साध्याइतकाच असू शकतो. दुसरी, खरोखर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. एक्सपी९५, पॉवर ९५, स्पीड ९७ अशा नावांत आकडाच दिलेला असतो. नावात आकडा नसेल तर पंपावर विचारा, "ऑक्टेन किती?" उत्तर मिळालं नाही, तर ऑक्टेनसाठी जादा पैसे देऊ नका.

शंभर ऑक्टेनची गोष्ट वेगळी. इंडियन ऑइलने एक्सपी१०० हे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत आणलं. आपल्याकडची मुंबई आणि पुणे त्यात होती. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता, म्हणजे साध्याच्या जवळजवळ दुप्पट. ते मथुरेच्या रिफायनरीत बनतं. वस्तू उत्तम आहे, पण ती कोणासाठी आहे हे आधी पाहिलं पाहिजे.

आणि साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात २० टक्के इथेनॉल आलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून इथेनॉलमुळे ९५ झाला आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून मायलेजला थोडा फटका बसतो. ऑक्टेन वाढला आणि ऊर्जा घटली, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. प्रीमियम म्हणजे इथेनॉल नसलेलं, असाही अर्थ होत नाही. म्हणून गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली आहे का, हे मॅन्युअलमध्ये वेगळं तपासावं लागतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

कुवेतचा ९१ आणि अमेरिकेचा ९१

त्या संध्याकाळी दुल्हाभाईंचा फोन आला. ते म्हणाले, "मी इथे मोठ्या जीपमध्ये ९१ टाकतो, बारा वर्षं झाली. या मुलाचे काय नखरे आहेत?" भाचा म्हणाला, "अब्बा, अमेरिकेतले लोक माझ्या गाडीसाठी ९३ सांगतात. त्यांच्या ९३ ला आपल्याकडचं काहीच पुरत नाही."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघंही चुकत होते. कुवेतमध्ये ९१, ९५ आणि ९८ मिळतं, तेही आपल्यासारखं आरओएनमध्ये. पण जीपचं टर्बो नसलेलं, कमी दाबाचं मोठं इंजिन ९१ वर आरामात चालतं, त्याची बरोबरी टर्बोशी करता येत नाही. दुसरीकडे अमेरिकेत आकडा काढायची पद्धतच निराळी आहे. तिथे आरओएन आणि दुसऱ्या, जास्त कडक चाचणीचा आकडा यांची सरासरी पंपावर लिहितात. त्यामुळे अमेरिकेचा ९१ म्हणजे आपला साधारण ९५-९६ आणि त्यांचा ९३ म्हणजे आपला ९७-९८. व्हिडिओ पाहून पेट्रोल ठरवणाऱ्यांनी एवढं गणित करावंच.

मग आपल्या गाडीला काय?

उत्तर मित्राकडे नाही, पेट्रोलच्या झाकणाच्या आत आहे. तिथे स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये पान असतं. त्यात दोन शब्द शोधा: 'किमान' आणि 'शिफारस'.

किमान ९१ लिहिलं असेल तर साधं पेट्रोल चालतं. शिफारस ९५ ची असेल तर लांबच्या प्रवासाला, घाटात, कडक उन्हात ९५ टाकून बघा. फरक जाणवला तर ठेवा, नाहीतर सोडा.

किमान ९५ असेल तर ज्या नोझलवर ९५ किंवा जास्त आकडा आहे, तेच भरा. इथे कंजुषी नको.

शिफारस ९८ असेल, म्हणजे दोन लिटर आणि वरच्या जोरकस गाड्या, तर ९७ किंवा १०० चा उपयोग खरोखर होतो. शंभर महाग वाटत असेल तर मिसळता येतं. १० लिटर ९५ आणि १५ लिटर १०० मिळून अंदाजे ९८ होतं. मिसळल्याने काही बिघडत नाही.

आणि कोणी गाडीच्या संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतली असेल, तर स्टिकरचा आकडा संपला. वाढवलेल्या दाबाला जास्त ऑक्टेन लागतो आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते. घरातल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

गाडीला लागतो त्यापेक्षा जास्त ऑक्टेन भरून काय मिळतं? ज्या इंजिनाचं सेटिंग त्याचा फायदा घेऊ शकत नाही, त्याला काहीच नाही.

खिशाचा हिशेब

महिन्याला १,००० किलोमीटर आणि लिटरला १२ चं मायलेज धरू. म्हणजे ८३ लिटर. प्रीमियम लिटरमागे १० रुपयांनी महाग असेल तर महिन्याला ८३० रुपये, वर्षाला दहा हजारांच्या आत. फरक ६० रुपयांचा असेल तर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. भाच्याच्या गाडीवर स्टिकर ९५ चा होता. म्हणजे हे साठ हजार आणि पुण्याच्या फेऱ्या, सगळंच फुकट जात होतं. आपा एवढंच म्हणाल्या, "याला आमच्याकडे इसराफ म्हणतात."

पेट्रोलशिवायच्या चार गोष्टी

"पण मामू, कुंभार्ली घाटात गाडी खडखडते, ते काय?" भाच्याने विचारलं. आम्ही सोबत बसून गेलो. पठ्ठ्या चढणीवर पाचव्या गिअरमध्ये, दीड हजार फेऱ्यांवर, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून चालवत होता. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या छोट्या इंजिनात हीच सवय वाईट. कमी फेऱ्यांवर पूर्ण दाब दिला की मिश्रण कधी कधी ठिणगीच्याही आधी पेटतं, आणि हा प्रकार साध्या नॉकिंगपेक्षा घातक असतो. तो शंभर ऑक्टेनने पूर्ण थांबत नाही. खालचा गिअर टाकणं हाच खरा उपाय.

दुसरी गोष्ट इंजिन ऑइलची. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच घाला. एपीआय एसएन प्लस आणि एसपी हे दर्जे बनवताना टर्बोचा हा त्रास लक्षात घेतलेला आहे.

तिसरी, थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. त्यामुळे स्वच्छता करणारं पेट्रोल इंजेक्टर साफ ठेवेल, पण व्हॉल्व्हवरचा कार्बन काढणार नाही. तशी जाहिरात कोणी केली तर फसू नका.

चौथी, आखातातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी. गाडी घरी सहा-सहा महिने उभी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणच्या पावसाळ्यात पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊ शकतं आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. महाग पेट्रोल भरून गाडी झाकून ठेवण्यापेक्षा घरातल्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवायला सांगा.

आणि कॅनचं? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते आणि एक ठिणगी पुरते. पेट्रोल घरात साठवू नये, ऑक्टेन कितीही असो.

भाच्याने ते चाळीस लिटर गाडीत वापरून संपवलं आणि कॅन भंगारात दिले. आता तो गावातल्या ज्या पंपावर खप जास्त आहे, तिथून ९५ भरतो. शंका आली तर फिल्टर पेपर चाचणी मागतो. ती मागायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवली आहे. तारीख, लिटर, किलोमीटर. घाटात खालचा गिअर टाकतो, खडखड गेली.

आज घरी गेल्यावर आपल्या गाडीचं झाकण उघडा, स्टिकर वाचा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी पंपावरचा मुलगा "साधं की प्रीमियम?" विचारेल, तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार असेल.