तापीचा आकडा कुणी, कसा वाहून न्यावा?

मुलताईकडे कोसळलेला पाऊस आधी बऱ्हाणपूरच्या राजघाटाला कळतो, मग भुसावळजवळच्या हतनूर धरणाला, आणि उकाई धरण ओलांडून शेवटी सुरतेला. ७२४ किलोमीटरच्या तापीची पातळी केंद्रीय जल आयोग बऱ्हाणपूरला मोजतो. हा एकच आकडा हतनूरचे ४१ दरवाजे सांभाळणाऱ्यांना हवा, उकाईला हवा, खालच्या जिल्हा प्रशासनांनाही हवा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. तेव्हा या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

एकाने पाठवलेली माहिती अनेकांना त्याच क्षणी देणाऱ्या सॉफ्टवेअरला डेटा स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं काफ्का हे लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी घडवलं आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याची रीत पेढीवरच्या रोजमेळासारखी: नोंद शेवटी वाढते, खोडली जात नाही. वाचणारा प्रत्येक जण आपण कुठवर आलो याची खूण ठेवतो. हतनूरची लाईन दोन तास तुटली तरी जोडल्यावर वाचन तिथूनच पुढे सुरू. मूळ मांडणीत नोंदी सात दिवस टिकतात. रॅबिटएमक्यू या संदेश पोचवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या साध्या रांगेत मात्र पोच मिळाली की संदेश पुसला जातो.

निवड करताना लोक वेग विचारतात. नदीपुरता तो प्रश्न मला गैरलागू वाटतो. पूर मिलिसेकंदांत चढत नाही. विचारायचं ते हे, की तोच संदेश दोनदा आला तर काय? पातळी दोनदा नोंदली गेली तरी पातळी तीच राहते. पण तासाभरात पडलेला पाऊस दोनदा बेरजेत गेला तर अंदाजच फसतो. काफ्कात अशा दुबार नोंदी टाळण्याची सोय २०१७ मध्ये आली. तीही आपण मागितली तरच पुरती लाभते. दुसरं, क्रम. काफ्का नोंदी वेगवेगळ्या विभागांत वाटतं आणि क्रम एका विभागापुरताच पाळतं, म्हणून एका ठिकाणच्या सगळ्या नोंदी एकाच विभागात जातील हे पाहावं लागतं. आणि ढगाळ रात्री अडकलेला दोन वाजताचा आकडा चारला पोचला, तर त्यावर मोजल्याची वेळ हवी, पोचल्याची नव्हे. ही शिस्त कुठलंही प्लॅटफॉर्म विकत देत नाही.

मग घ्यायचं काय? तासाला एक आकडा पाठवणारी शंभरेक ठिकाणं असतील तर काफ्काचा पसारा नको. त्याला सांभाळणारी माणसं लागतात, आणि ती पगार मागतात. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी १९९९ मध्ये जन्मलेलं एमक्यूटीटी हे संदेश पाठवण्याचं हलकं तंत्र अशा तुटक्या लाईनींसाठीच आहे. मागच्या नोंदी तेवढ्या साध्या डेटाबेसात ठेवाव्यात. पावसाची रडारं, धरणांचे दरवाजे, शहरांचे पंप असे हजारो स्रोत आणि डझनभर वाचक एकत्र आले, की मगच काफ्का किंवा त्याच धर्तीच्या पल्सारचा खर्च परवडतो.