प्रश्नचिन्हांत हरवलेले दोन जिल्हे

मायएसक्यूएल या संबंधाधिष्ठित डेटाबेसात भरलेल्या मराठी नोंदींच्या जागी पुष्कळदा नुसती प्रश्नचिन्हे दृष्टीस पडतात. दोष दर्शनाचा की साठवणीचा, हे ठरविल्याखेरीज उपायास हात घालणे धोक्याचे होय. पीएचपीमायअ‍ॅडमिन या दृश्य साधनाने हा निवाडा सहज होतो.

'सातारा' व 'सांगली' ही नावे घ्यावीत. युनिकोडाच्या हिशेबाने दोहोंत सहा-सहा चिन्हे, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी १८ बाइट. स्तंभाचा वर्णसंच लॅटिन-१ असेल (२०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ योजना तीच होती) आणि तपासणीचे कडक नियम बंद असतील, तर प्रत्येक चिन्हागणिक एक प्रश्नचिन्ह साठविले जाते. साताऱ्याचे काही तालुके व सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कोष्टकात मात्र तो पुन्हा साताऱ्यात विलीन होतो!

साधनाच्या एसक्यूएल विभागात त्या स्तंभावर 'हेक्स' हे फलन चालवावे. उत्तराचा आरंभ 'ई०ए४बी८' असा असेल तर 'स' शाबूत आहे. दोष वापरातील प्रणालीच्या जोडणीत शोधावा. सहा वेळा '३एफ' आले तर अक्षरे गेलीच. मग स्तंभाचा वर्णसंच यूटीएफ८एमबी४ केल्यानेही ती परतत नाहीत. जुनी प्रतच शोधावी लागते. जिल्ह्याचा संकेतांक स्वतंत्र स्तंभात असल्यास मात्र नावे त्यावरून पुन्हा भरता येतात.