जुनी जीप घेताना आधी तिच्या खाली शिरा

पाऊस ओसरून नवरात्र सरलं की जुन्या थार, जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांची चौकशी पनवेलकडे जोर धरते. साहजिकच आहे. प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्या, गाढेश्वर धरणाकडचे रस्ते, पुढे उरण आणि अलिबागचे किनारे. शनिवार-रविवारी गाडी चिखलात किंवा वाळूत घालायची, तर मुंबईचा माणूसही बहुतेकदा याच बाजूला येतो. पण ज्या मुलखासाठी ही गाडी घ्यायची, तोच मुलूख तिला आतून खातो. इंजिन सुरू करून कान लावण्याआधी गाडीच्या खाली शिरा, हे सांगायला हा लेख.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिवाय खाडीची खारी हवा असते, आणि हौशी मालकाने गाडी समुद्रकिनारी लाटांत पळवली असेल, तर प्रश्नच मिटला. जीपची चासी म्हणजे पोलादी पेटीसारखे दोन लांब कणे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चिखल भोकांतून या पेटीत शिरतो, तिथेच ओल धरून बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. मागच्या चाकांच्या वरचा भाग, पाट्यांचे हँगर, बॉडी चासीला जिथे बसते ते माउंट आणि शेवटचा आडवा तुकडा या जागा बघाच. लहान हातोडीने ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजका बद्द आवाज करतो. आणि खाली नुकतंच काळंकुळकुळीत अंडरकोटिंग मारलेलं दिसलं, तर ते मालकाच्या निगेची खूण समजू नका. विकायच्या आठवड्यात मारलेला तो थर बहुतेक वेळा काहीतरी झाकण्यासाठीच असतो.

एक-दोन ठिकाणी पट्ट्या मारून वेल्डिंग करायचं, तर दहा ते पंचवीस हजारांत काम होतं. पण बॉडी उचलून चासी पूर्ण साफ करायची, कुजलेले भाग कापून नवे बसवायचे आणि पुन्हा रंगवायचं म्हटलं, तर लाखाच्या पुढे जायची तयारी ठेवा. (या लेखातले सगळे आकडे बाहेरच्या गॅरेजांचे, ढोबळ आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते सहज दीडपट होतात.) चासीच बदलायची वेळ आली, तर तो फक्त मिस्त्रीचा विषय राहत नाही. चासी नंबर हीच गाडीची कायदेशीर ओळख असल्याने आरटीओची परवानगी लागते. माझं मत सरळ आहे. चासी कुजलेली असेल, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी.

आता गाड्यांकडे वळू. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला महिंद्राने सुरुवात केली. त्या वंशातल्या एमएम 540 आणि 550 अजून फिरतात, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नाही. 2010 साली पहिली थार आली. तिच्या सीआरडीई प्रकारात 2498 सीसीचं, 105 अश्वशक्तीचं कॉमन रेल डिझेल इंजिन होतं, मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार. 2020च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण नवी थार आली. 1985 साली आलेली मारुती जिप्सी वेगळ्या जातीची आहे. हलकी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना पाटे. दीड-दोन टनाच्या डिझेल जीप जिथे रुततात, तिथून ती सहज निघून जाते.

सीआरडीई थारचं इंजिन दणकट आहे, पण इंधनात पाणी गेलेलं त्याला चालत नाही. कॉमन रेलमध्ये डिझेल प्रचंड दाबाने नोझलमधून फवारलं जातं. त्यात पाणी किंवा कचरा गेला की नोझल आणि हाय प्रेशर पंप दोन्ही धोक्यात येतात. म्हणून मालकाला विचारा, डिझेल फिल्टर कधी बदलला आणि त्यातलं पाणी कधी काढलं? उत्तर चटकन आलं नाही, तर ते काम कधी झालेलंच नसतं. थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली, तर परत सकाळी या. सुरू होताना खूप वेळ घेते का, पांढरा धूर धरते का, हे पाहा. मग ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून जोरात धूर फेकत असेल, तर इंजिन ‘बॅक मारतंय’. म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत आणि कॉम्प्रेशन खाली येतंय.

खर्च सांगायचा, तर नवा नोझल एकेक बारा ते अठरा हजारांच्या घरात जातो आणि असे चार असतात. खोलून दुरुस्त केलेला निम्म्या किमतीत येतो. टर्बो पंचवीस ते पंचेचाळीस हजार. पूर्ण इंजिनचं काम निघालं, तर लाख-सव्वालाख धरा. नव्या डिझेल थारमध्ये आणखी एक विषय आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर छोट्या-छोट्या शहरी फेऱ्यांत तुंबतो. सोसायटी ते स्टेशन एवढीच चाललेली गाडी म्हणूनच कमी किलोमीटर असूनही जपून घ्यावी.

पाण्यातून गेलेल्या गाडीची खरी गोष्ट मात्र इंजिन सांगत नाही, डिफरन्शियलचं तेल सांगतं. गरम झालेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. ते दुधाळ दिसलं, तर समजा की बेअरिंगं आणि दात त्या पाण्यातच फिरलेत. तेल बदलायला काही हजार लागतात, पण दात खाल्लेले असतील, तर खर्च तीस-चाळीस हजारांच्या खाली येत नाही. हाच न्याय ट्रान्सफर केसला.

फोर बाय फोर नुसता लागतो का, एवढं बघून भागत नाही. कच्च्या जागी लावा आणि लो रेंजमध्ये चालवा. शहरात वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर अडकलेला असतो. ज्या गाड्यांत पुढचे हब व्हॅक्यूमवर लागतात, तिथे नळ्या फाटल्या की लिव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. डांबरावर मात्र फोर बाय फोर लावून वळवू नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जायला जागा नसते आणि शाफ्टवर ताण साठतो. जुन्या मालकाने तेच रोज केलं असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खडखडतात. गिअर टाकताना किंवा सोडताना ‘टक’ असा आवाज आला की तो तिथूनच समजा. क्रॉस एकेक हजार-दोन हजारांचं काम. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदम बदलले, तर मजुरीसह बारा ते वीस हजार. चिखलात क्लचवर गाडी ओढणाऱ्यांच्या गाड्यांत हा खर्च अटळच आहे.

पाट्यांच्या बाबतीत पनवेलकर नशीबवान आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारामुळे आणि ट्रकच्या वर्दळीमुळे पाटे, लेथ आणि वेल्डिंगचे कसबी कारागीर या भागात आहेत. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान द्यायला आणि बुश बदलायला सहा-आठ हजारांत भागतं. जुन्या जीपमध्ये ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथर कापायला लागलं, तर किंगपिन आणि टाय रॉडची टोकं बघा. दोन्ही न बदलता नुसतं व्हील बॅलन्सिंग करून देणाऱ्या गॅरेजात पुन्हा जाऊ नका.

राहिला सजवलेल्या गाड्यांचा मोह. मोठाले टायर, उंच सस्पेन्शन, पुढे जाड लोखंडी गार्ड, छतावर दिव्यांची रांग. मोठ्या टायरचा भार व्हील बेअरिंग, स्टिअरिंग, ब्रेक आणि क्लच सगळ्यांवर पडतो आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. गार्डवर तर केंद्र सरकारने डिसेंबर 2017मध्येच बंदीचे आदेश दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52ने मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. सजावटीवर आधीच्या मालकाने दोन लाख घातले, म्हणून तुम्ही ते द्यायचं कारण नाही. पन्नास हजार कमी देऊन मूळ स्थितीतली कंटाळवाणी गाडी मिळत असेल, तर ती घ्या.

कागद हा सगळ्यांत रूक्ष भाग, पण तोच महागात पडतो. पनवेलची गाडी एमएच 46, पण बाहेरच्या जिल्ह्यांतल्या गाड्याही इथे येतात. आरसी बुकातला इंजिन नंबर स्वतः इंजिनवरच्या नंबरशी ताडून घ्या. जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं निघणं नवलाचं नाही आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर नावावर करताना काम अडतं. नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी फिटनेस तपासून ती वाढवावी लागते. एप्रिल 2022पासून खासगी मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क 5 हजार आहे. 20 वर्षांवरच्या गाड्यांचं ते ऑगस्ट 2025मध्ये 10 हजार झालं, वर पर्यावरण कर वेगळा. एमएम 540सारखी गाडी घेताना हा खर्च किमतीतच धरा. कर्ज असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका.

फॉर्म 29 आणि 30वर सह्या झाल्या की हस्तांतरणाचा अर्ज लगेच करा. विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि घेणाऱ्याला 30 दिवसांत. विमा मात्र 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो आणि नेमकं तेच काम सगळे विसरतात. गाडी घाटात घालण्याआधी ते उरकून घ्या.