नुसतं 'मस्त' म्हणू नका!

लंचब्रेक. डबे उघडलेत. शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण हळूच मोबाइल पुढे करते, 'कविता केलीय, वाच ना.' पोळीचा घास घेता घेता तुम्ही स्क्रीनवरून नजर फिरवता आणि म्हणता, 'मस्त!' ती हसते, मोबाइल ठेवून देते. आणि पुन्हा कधीच काही दाखवत नाही.

खरं तर 'मस्त' हा अभिप्राय नव्हे, आपली सुटका आहे. 'बोअर आहे' हेसुद्धा तसंच. दोन्हींतून लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांना सविस्तर पत्रं लिहायचे. कथेत कुठे काय खटकतंय ते सांगायचे, पुन्हा लिहायला लावायचे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली, पण त्या पत्रांचं नाव अजून निघतं.

तुम्ही संपादक नाही? नो प्रॉब्लेम! आधी विचारा, 'कौतुक हवंय की खरं मत?' मग दोनदा वाचा. कुठली ओळ मनात राहिली, ते आधी सांगा. कथा वाचताना कुठे लक्ष उडालं, तेही सांगा. 'मी असं लिहिलं असतं' हे मात्र गिळून टाका; कविता तिची आहे. आणि हे सगळं दोघांतच, अख्ख्या कॅन्टीनसमोर नको.

आत्ता वेळ नाहीये? मग 'घरी निवांत वाचतो, उद्या बोलू' म्हणा.

आणि घरी गेल्यावर खरंच वाचा.