व्याख्या पाठ, तरी अलंकार ओळखता येईना

बारावीच्या मराठीची तयारी म्हटली की साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, आधी पाठांतराची वही उघडते. अनन्वय, अपन्हुती, अतिशयोक्ती, अर्थान्तरन्यास. चार अलंकार, चार व्याख्या आणि प्रत्येकाचे एक ठरलेले उदाहरण. व्याख्या तोंडपाठ म्हणजे गुण हातात, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. कृतिपत्रिकेत ओळी समोर ठेवून अलंकार ओळखायला, उपमेय-उपमान शोधायला सांगतात. त्या ओळी वहीतल्याच असतील याची हमी कोणी देत नाही.

खरे काम उपमेय आणि उपमान यांचे नाते पाहण्याचे. वाळव्याच्या शिवारात थंडीत उसाला तुरे येतात. तुरा चवरीसारखा डोलतो, ही उपमा. तुरा म्हणजे जणू चवरीच, ही उत्प्रेक्षा. हा तुरा नव्हे, चवरी आहे, असे म्हटले की उपमेयच नाकारले जाते, ती अपन्हुती. तुरा तोच, चवरी तीच, बदलले ते दोहोंमधले नाते.

'सारखा' दिसला की उपमा, हा ठोकताळाही फसतो. 'धाकटा थोरल्यासारखाच उंच आहे' यात अलंकार नाही, ती नुसती माहिती आहे. 'आईसारखी आईच' यातही 'सारखी' आहे, पण तुलनेला दुसरे कोणी सापडतच नाही, म्हणून तो अनन्वय.

स्पर्धा परीक्षांच्या मराठीत वृत्ते आली की मुले ती सोडूनच देतात. या भागात तरी ही भीती मला अनाठायी वाटते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ सातारा-सांगलीत आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे ही गावे सर्वांच्या ओळखीची. मनाचे श्लोक इथे कितीतरी घरांत म्हटले जातात, आणि ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. चरणात १२ अक्षरे, चार वेळा यगण, म्हणजे लघु-गुरु-गुरु. ज्याला श्लोक चालीवर म्हणता येतो त्याच्या कानात हे वृत्त आधीच बसलेले असते. नाव तेवढे शिकायचे राहते. गणांसाठी 'यमाताराजभानसलगं' हे जुने सूत्र पुरते. यगण हवा तर 'य'पासून तीन अक्षरे घ्यायची, 'यमाता', की लघु-गुरु-गुरु हाती येते.

मात्र ऱ्हस्व म्हणजे लघु आणि दीर्घ म्हणजे गुरु, एवढ्यावर थांबले की घात होतो. 'सत्य'मधला 'स' ऱ्हस्व, तरीही पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरु. 'रंग'मधला 'रं' अनुस्वारामुळे गुरु. 'तुम्ही'मध्ये पुढे जोडाक्षर आहे, पण आघात येत नाही. 'तु' लघुच राहतो. मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. आणि ओवी-अभंगांना वृत्त म्हणू नये. ते छंद आहेत. तिथे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला नसतो.

शब्दसंपत्तीबद्दलचा गैरसमज मात्र मनाला लागतो. आटपाडी, जत, माण, खटावकडच्या मुलांना वाटते की घरची बोली अशुद्ध, परीक्षेला ती निरुपयोगी. उत्तर प्रमाण मराठीत लिहायचे, हे खरे. पण वाचायचे काय? माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) किंवा वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) याच मातीत घडते. शिवार, कासरा, वैरण, दावण, कुळव हे शब्द शहरातल्या मुलाला कोशात शोधावे लागतात. आटपाडीच्या मुलीने ते हाताळलेले असतात. ही तिची जमेची बाजू आहे, आणि हे तिला शाळेत कोणीतरी सांगायला हवे.

रोज दहा शब्द पाठ करून अपठित उतारा सुटतो, असेही नाही. 'वळीव झाला, पण पेरणीजोगी ओल धरली नाही.' वळीव म्हणजे काय ते ठाऊक नसले तरी पेरणी आणि ओल हे दोन शब्द थेट पावसाकडे नेतात. अडलेल्या शब्दाचे पूर्ण वाक्य, आणि गरज पडली तर आधीचेही, पुन्हा वाचावे.

कादंबरीतला 'मी' म्हणजे लेखक, ही समजूतही सोडावी. 'बनगरवाडी'तला 'मी' राजाराम हा तरुण मास्तर आहे. निवेदन प्रथमपुरुषी असले तरी ते आत्मचरित्र होत नाही.

रसग्रहण म्हणजे कवितेचा सोप्या भाषेतला अर्थ नव्हे. त्यात आशय, काव्यसौंदर्य आणि भाषेची वैशिष्ट्ये तिन्ही यावी लागतात. अलंकाराचे नाव लिहून थांबू नये. त्याने ओळीत काय घडवले, ते लिहावे.

आणि संज्ञांची खात्रीची माहिती गाइडातच मिळते, असे मुळीच नाही. मराठी विश्वकोशाचे काम वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या साहित्यप्रकारांवरच्या नोंदी आज संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात.